टेकडीवरचं गोल नाक

वाऱ्याला मागे टाकणारी आणि जिच्यासाठी अख्खा जपान फलाटावर उभा राहायचा ती गाडी म्हणजे मीच. आता खरं सांगायचं तर मी अख्खी गाडी नाही. गाडीचं नुसतं तोंड आहे. ड्रायव्हरच्या दारामागून मला कापलं आणि या टेकडीवरच्या बागेत सिमेंटच्या चौथऱ्यावर आणून ठेवलं. वेगाचं म्हणाल, तर एक गोगलगाय कालपासून माझ्या पुढे आहे.

माझा जन्म हातोड्यांखाली झाला. पत्रा सपाट, तोंड गोल हवं होतं, आणि गोल पत्रा काही झाडाला लागत नाही. मग चार-पाच माणसं मला घेऊन ठोकत बसली. संध्याकाळ झाली की त्यातला एकजण आधी माझ्या गालावरून हात फिरवायचा, मग स्वतःच्या. मी गुळगुळीत आणि तो खरबरीत. मग स्वतःची दाढी का राहिली ते बायकोला काय सांगायचं याचा विचार करत घरी जायचा.

शिक्षण फारसं नाही. सहलीला निघालेल्या शेकडो शाळा मी वाहिल्या, पण एकाही शाळेनं मला आत घेतलं नाही. तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झालं तर त्या पोरांना धरा.

सुरुवातीला मी निघालो की शेतातली माणसं कंबर सरळ करून हात हलवायची. काही वर्षांनी नुसती मान वर करायची. पुढे तेही बंद झालं. माणसाला कशाचीही सवय होते, वेगाची सगळ्यात लवकर.

माझ्या नाकाचं टोक म्हणजे एक झाकण आहे. आत दणकट आकडा आहे. गाडी बंद पडली तर दुसरीनं येऊन तो धरायचा आणि ओढून न्यायचं. मी कधी बंद पडलो नाही, त्यामुळे तो आकडा कुणी धरलाच नाही. तब्येत ठणठणीत असण्याचा हा एक तोटा.

मग नव्या गाड्या आल्या. एकीचं नाक टोकदार, दुसरीचं चपटं, तिसरीचं इतकं लांब की नाक स्टेशनात शिरलं तरी गाडी अजून गावाबाहेर. मला निरोप द्यायचं ठरलं. त्या दिवशी फलाटावर मुंगीला जागा नव्हती. बाप्ये रडत होते, "आभारी आहोत, खूप दमलास," असं ओरडत होते. त्यातल्या निम्म्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

रेल्वेवेड्यांची घराणी असतात, हे मला तेव्हा कळलं. कुणी फोटोवाले, कुणी नुसते बसून फिरणारे, कुणी इंजिनाचा आवाज भरून नेणारे. आणि एक घराणं मयतवाल्यांचं. गाडी धावत असते तेव्हा हे घरी असतात. ती बंद होणार असं कळलं, की कॅमेरा घेऊन हजर. नाव मी ठेवलेलं नाही. वेड्यांनीच एकमेकांना ठेवलंय.

टेकडीवर आलो तेव्हा माझ्यापुढं एक बाकडं होतं. समोर खाली उंच पुलावरून रूळ जातात आणि डोंगरातल्या बोगद्यात शिरतात. नव्या गाड्या बघायला याहून चांगली जागा नाही, असं दोन माणसांचं मत पडलं, आणि ती दर रविवारी यायला लागली.

एक होझुमीसान, टेकडीच्या पायथ्याचे न्हावी. दुसऱ्या याएसान, बोगद्याच्या तोंडाशी तोफूचं दुकान चालवणाऱ्या. त्या तळलेला तोफू आणायच्या, ते फुकटचा सल्ला आणायचे. नवी गाडी गेली रे गेली की यांचं सुरू व्हायचं.

"गेलं बघा बदक," होझुमीसान म्हणायचे.

"बदक नाही, हंस. चष्मा पुसा."

"हंसाला डोळे असतात. हिचे कपाळावर चढलेत. अहो, जन्म गेला माझा लोकांची तोंडं आरशात बघण्यात. डोळे कुठं, नाक कुठं, ते कळल्याशिवाय मी वस्तरा लावत नाही."

"तुम्हाला कुणी गाडीची दाढी करायला सांगितलीय?"

होझुमीसानांचं म्हणणं एकच होतं. गाडीला चेहरा हवा. लांबून येताना दिसली की ओळखीचं माणूस आल्यासारखं वाटलं पाहिजे. असं म्हणून ते माझ्याकडे बोट करायचे. मी लाजायचो. गंज आधीच चढला होता, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

याएसान नाक मुरडायच्या. "हे? हे तर वाफवलेला पाव आहे. छाती काढून जायचं गावातून. नवी गाडी बघा, मान खाली घालून जाते. दुसऱ्याच्या दारावरून जाताना असं वाकून जावं."

मला पाव म्हटलं की मी पण सोडत नसे. काचेखालच्या खाचेत पावसाचं पाणी साठलेलं असायचं. वारा जरा हलला की तेवढं नेमकं त्यांच्या डब्यात. "झोपमोड्या मेला," त्या म्हणायच्या आणि डबा सरकवायच्या. मला त्या झोपमोड्याच म्हणायच्या. का, ते मला बरीच वर्षं कळलं नाही.

मग ती सगळ्यात नवी गाडी पहिल्यांदा चाचणीला धावली. टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कॅमेऱ्यांच्या तिपायांचं जंगल, आणि प्रत्येक तिपाईमागं एक पंडित. कुणी म्हणे पट्टा फार जाड आहे, कुणी म्हणे निळा रंग चुकला. एकानं तर गाडी दिसायच्या आधीच नाक पसंत नसल्याचं जाहीर केलं.

गाडी आली आणि गेली. एवढं लांब, गुळगुळीत, पुढे पातळ होत गेलेलं नाक मी पाहिलं नव्हतं. याएसानांनी टाळ्या वाजवल्या.

होझुमीसानांना मात्र आज गर्दी मिळाली होती. गर्दी मिळाली की न्हाव्याची जीभ वस्तऱ्याच्या पुढे धावते. ते मोठ्यानं म्हणाले, "हे नाक आहे? ही तर बूट घालायची पट्टी आहे."

सगळे हसले. एकाची तिपाई हलली. होझुमीसान आणखी फुलले. "आणि हे कशासाठी, माहीत आहे ना? गाडी बोगद्यात घुसली की आतली हवा रेटली जाते, आणि पलीकडच्या तोंडातून तोफेसारखी फुटते. तिथल्या चार घरांच्या खिडक्या खडखडतात. चार खिडक्यांसाठी देशाच्या गाडीचं तोंड बिघडवलं."

"त्यातली एक खिडकी माझी होती," याएसान म्हणाल्या.

कुणी हसलं नाही.

"आमचे हे आजारी होते. प्रत्येक गाडीला दचकून उठायचे. गाड्यांचा वेग वाढला तसा दणकाही वाढला. मग ही लांब नाकं आली. शेवटचं वर्षभर त्यांना सलग झोप मिळाली. असल्याच बुटाच्या पट्ट्यांमुळे."

होझुमीसानांनी त्या क्षणाला काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसते वाकले असते तरी चाललं असतं. पण समोर माणसं होती. ते म्हणाले, "मी गाडीबद्दल बोलत होतो."

"मीही," याएसान म्हणाल्या, आणि न उघडलेला डबा फडक्यात बांधून खाली उतरल्या.

पुढच्या रविवारी याएसान आल्या. होझुमीसान आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. दुकान उघडं असलं की दाराशी फिरणारा न्हाव्याचा लाल-पांढरा खांब टेकडीवरून दिसतो, तो फिरत असायचा. म्हणजे माणूस ठीक होता, फक्त येत नव्हता.

याएसान बाकड्याच्या आपल्याच टोकाला बसायच्या. दुसरं टोक रिकामं. थर्मासमधून चहा ओतायच्या. पेले अजून दोनच आणायच्या, भरायच्या मात्र एकच. गाडी गेली तरी काही बोलायच्या नाहीत. हंस आहे म्हणायला कुणीतरी आधी बदक म्हणावं लागतं.

मी माझे सगळे उद्योग करून पाहिले. फुटक्या काचेतून वारा घेऊन शिटी वाजवली. डब्यात पाणी पाडलं. त्यांनी डबा सरकवलासुद्धा नाही. एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूच तो दणका द्यायचास. आणि आता बोलायला तूच उरलायस मला." खोडी काढायला समोर चिडणारं माणूस लागतं, हे तेव्हा समजलं. एरवी ती नुसती गळती असते.

मी पण गळतच होतो. तळाचा पत्रा सडला. खेळणाऱ्या पोरांना लागेल म्हणून नगरपालिकेच्या माणसांनी माझ्याभोवती दोरी बांधली आणि पाटी लावली. गोल नाक भंगारात जाणार, बाकडं काढणार, इथं गाड्या उभ्या करायला जागा होणार.

मला भंगाराची फारशी भीती नाही. पत्रा होतो, पत्रा होईन. पण बाकडं गेलं की या दोघांनी भेटायचं कुठं? याएसान न्हाव्याच्या दुकानात जाणार नाहीत, आणि होझुमीसानांना तोफू विकत घ्यायचा बहाणासुद्धा सुचायचा नाही. मला नेण्याआधी होझुमीसान एकदा वर आले पाहिजेत. पाटी लागल्यापासून मी पायऱ्यांकडेच बघत बसलो. पोस्टमन आला. मांजर आलं. चुकलेला एक सायकलवाला आला.

शेवटच्या दिवशी मयतवाले आले. सकाळपासून. इतकी वर्षं टेकडीचा रस्ता ज्यांना सापडला नव्हता, त्यांना तो त्या दिवशी बरोबर सापडला. माझ्या नाकाला हात लावून फोटो काढले, चौथऱ्यावर फुलं ठेवली. एकजण मला सांगत होता की माझ्यासारखी गाडी पुन्हा होणार नाही. अरे बाबा, मला माहीत आहे. हे कालच्या पावसात एकटा होतो तेव्हा येऊन सांगितलं असतंस तर जास्त गोड लागलं असतं.

याएसान बाकड्यावर बसून होत्या. गर्दीतून एकेक तोंड बघत होत्या. मीही बघत होतो. न्हाव्याचं तोंड त्यात नव्हतं.

दुपारी क्रेननं मला उचललं. इतक्या वर्षांनी चाकांवर बसलो, तेही दुसऱ्याच्या. पट्टे आवळले. मयतवाले एका सुरात ओरडले, "आभारी आहोत, खूप दमलास," आणि पुढची गाडी गाठायची म्हणून भराभर पायऱ्या उतरले. टेकडी रिकामी झाली.

आता ट्रक सुरू व्हायच्या आधी तुम्हाला एक सांगून ठेवतो. म्हाताऱ्या पत्र्याचं बोलणं आहे, मनावर घ्या नाहीतर सोडून द्या. कुणाची गाडी, कुणाचं नाक, कुणाचं मत आवडलं नाही तर खुशाल तोंडावर सांगा. बदक म्हणा, पाव म्हणा. पण पुढच्या रविवारी या. नाव ठेवलेलं माणसाला सोसतं. रिकामं बाकडं नाही सोसत.

तेवढ्यात पायऱ्यांवर धापा ऐकू आल्या. होझुमीसान. अंगात दुकानातला पांढरा कोट, आणि हातात गिऱ्हाइकाच्या तोंडावर ठेवतात तसा वाफेचा टॉवेल. निघताना गरम असणार. इतक्या पायऱ्या चढेपर्यंत त्यातली वाफ निघून गेली होती. ते सरळ माझ्याकडे आले आणि टॉवेल उंच धरला. पण मी आता ट्रकवर होतो. टाचा वर करूनसुद्धा त्यांचा हात माझ्या हनुवटीपर्यंत पोचला नाही.

ते तसेच थांबले. बाकड्यावर याएसान होत्या, आणि जमिनीवर तुडवलेली फुलं. होझुमीसानांनी टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"मी त्या मयतवाल्यांतला नाही," ते म्हणाले.

"नाहीच," याएसान म्हणाल्या. "ते वेळेवर येतात."