गुडघाभर पाणी

गल्लीतल्या प्रत्येक घराच्या बाहेरच्या भिंतीवर छिन्नीने कोरलेली एक रेघ होती. मोठ्या पुरात पाणी तिथपर्यंत चढलं होतं. रंग देताना ती रेघ कुणी बुजवत नसे, उलट पाहुण्यांना हौसेने दाखवत. "एवढा गाजावाजा झाला, पण आमच्याकडे पाणी गुडघ्याच्या वर गेलं नाही!" रेघ खरोखरच गुडघ्याशी होती. मात्र दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडून रस्ताच रेघेकडे चढत आला होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं. घरात जाताना आता पायऱ्या उतराव्या लागतात, याचंही कुणाला नवल वाटत नसे. सवय झाली की माणूस विहिरीतसुद्धा संसार थाटेल. विमा कंपन्याही शहाण्या, त्यांची माणसं रस्त्यावर उभी राहूनच रेघेची उंची मोजून जात.

या गल्लीत वाढलेली चिमी आता पूरनियंत्रण कार्यालयात अभियंता होती आणि नेमका हाच घोळ निस्तरत होती. भिंतींवरच्या रेघांवरून तिने पूरक्षेत्राचा नवा नकाशा आखला होता. पाणी रस्त्यापासून नव्हे, घराच्या जमिनीपासून मोजायचं, असा नियम तिने लिहिला होता. तो लागू झाला की अख्खी गल्ली पूरक्षेत्रात येणार, विमा सक्तीचा होणार आणि घर विकणाऱ्याला पुराची गोष्ट लपवता येणार नव्हती. सोमवारी मसुदा वर पाठवायचा होता.

त्याआधी गल्लीतल्या जुन्या घरातून तिच्या थोरल्या भावाचा, दादाचा फोन आला. "चिमे, महिनाभर थांब गं. गिऱ्हाईक आलंय. घर एकदाचं गेलं की मी लेकीकडे जायला मोकळा. या पायऱ्या आता उतरवत नाहीत मला."

आईवडील गेल्यावर दादानेच तिला लहानाचं मोठं केलं होतं. स्वतःचं शिक्षण सोडून तिला शिकवलं होतं. त्याने आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते नेमकं हे. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. रविवारी ती घरी गेली तेव्हा गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. एक तरुण बेकरीवाला आणि त्याची दिवस गेलेली बायको.

"ही खोली बाळाची," बायको म्हणाली. मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "इथे पूर येतो का हो?"

"एकदाच आला होता. गुडघाभर. बाहेर रेघ आहे, दाखवतो," दादा म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. तो खोटं बोलत असता तर चिमीला भांडता तरी आलं असतं.

"दादा, त्या दिवशी मी कुठे होते?"

"माझ्या खांद्यावर! दुसरीकडे कुठे? केस असे घट्ट धरले होतेस की माझ्या टकलाची सुरुवात तिथूनच झाली."

बेकरीवाला हसला. चिमीला हसता आलं नाही.

"गुडघाभर पाण्यात मला खांद्यावर कशाला घेतलंस?"

दादा खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. त्याने हात गुडघ्याशी धरला, मग कमरेशी नेला, मग छातीशी.

"इथे होतं," तो म्हणाला. "इथे होतं की गं."

बायको पायऱ्या चढून बाहेर गेली. "कळवतो," असं पुटपुटत बेकरीवालाही मागोमाग निघाला. दोघंही कळवणार नाहीत, हे उघड होतं.

"माझ्यामुळे झालं, दादा."

"तुझ्यामुळेच झालं," तो फणकारला. त्याने पाठ फिरवली आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. आता हा आपल्याशी कधीच बोलणार नाही, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

"तुझा तो नकाशा," तो न वळताच म्हणाला, "कुठपर्यंत आहे?"

"गल्लीच्या टोकापर्यंत. त्यापुढे कुठे रेघच नाही."

"रेघ कोरायला भिंत तर हवी! तिथे तेव्हा नुसतं मैदान होतं. तुला घेऊन मी तिथवर गेलो आणि माझे पाय टेकेनात." तो वळला. "चिमे, तिथे आता बालवाडी भरते."