इफ्तारीची तोफ

नबीलालची थोरली लेक जहिरा सोनईला दिली, ते साल १९४४. लढाईपायी साखर मिळेना, म्हणून वऱ्हाडाला गुळाचं सरबत पाजलं. व्याही हसून म्हणाले, साहेबांना तऱ्हेतऱ्हेचं पाजणारा हा माणूस आमाला गूळपाणी पाजतो.

बोलणं खोटं नव्हतं. नगरच्या छावणीत गोऱ्या अफसरांच्या मेसमध्ये नबीलाल दारू मिसळायच्या कामावर होता. साहेब त्या मिसळणीला कॉकटेल म्हणत. तो स्वतः थेंबही चाखत नसे. वासावर आणि रंगावर त्याचं सगळं चाले. पण साहेब खूष होते ते त्याच्या गोष्टींवर. दर शनिवारी नवा गिलास आणि त्याच्या जोडीला नगरची एखादी जुनी गोष्ट. गोळे सरले तेव्हा चांदबिबीनं तोफेत चांदीची नाणी भरली म्हणतात. ती गोष्ट सांगताना तो गिलासावर चांदीचा वर्ख सोडी. नगरात ओतून विजापूरला गेलेल्या मोठ्या तोफेच्या गोष्टीला रममध्ये काळी मिरी. साहेब ठसकत आणि आणखी मागत.

पण निजामशाही तरी किती शनिवार पुरणार? श्रावणातल्या एका शनिवारी काही सुचेना. मेजरसाहेब टेबलावर बोटं वाजवायला लागला, आणि नबीलालच्या तोंडून बापाची गोष्ट निघून गेली.

त्याचे वडील मोहियोद्दीन. रमजानात दिवस मावळला की मोहल्ल्याची उखळी तोफ तेच उडवत, आणि तिचा आवाज ऐकून सगळा मोहल्ला रोजा सोडी. तीसेक वर्षांमागं, अशाच पावसाळी रमजानात, आभाळ भरून अंधारलं आणि त्यांनी बत्ती दिली. घराघरांत खजूर तोंडात पडले. तेवढ्यात ढग फाटला, तर सूर्य अजून वर. ते बघितलं एकट्या मोहियोद्दीननं. कुणाला सांगायचा धीर झाला नाही. साऱ्या मोहल्ल्याचा मोडलेला रोजा त्यांनी आपल्या मानेवर घेतला आणि तेव्हापासून दर सोमवारी-गुरुवारी उपास धरला. हे फक्त बायकोला ठाऊक. मरताना तिनं लेकाला सांगितलं, बापासमोर कधी काढू नको, म्हणाली.

नबीलालनं जिनमध्ये लिंबू पिळलं, सोड्याची बाटली फट्‌दिशी फोडली आणि या गिलासाला नाव ठेवलं ‘घाईची तोफ’. साहेब पोट धरून हसले. ताटं उचलणारा नियाजही हसला. तो त्याच मोहल्ल्यातला.

रमजान लागला. पहिल्याच संध्याकाळी मोहियोद्दीन बत्ती घेऊन उभे राहिले, तर मागून कुणीतरी म्हणालं, “चाचा, आभाळ नीट बघा. साहेबांचा गिलास भरायचा हाय व्हय?”

म्हाताऱ्याचा हात थांबला. तोफ उडवून ते घरी आले आणि ओसरीवर बसले. नबीलाल पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, आता काठी पाठीवर बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

“त्या दारूचं नाव काय ठेवलंस?”

“घाईची तोफ.”

“चवीला कशी हाय?”

“मी चाखत न्हाई, अब्बा.”

“हां. तेवढं बरं केलंस.”

पुन्हा त्या विषयावर ते अक्षर बोलले नाहीत. जुम्म्याच्या नमाजानंतर जमातीपुढं उभे राहून त्यांनी सगळं स्वतः सांगितलं, हात जोडले आणि तोफेची बत्ती दुसऱ्याच्या हाती दिली. जुनी माणसं म्हणाली, झालं गेलं, तो एक रोजा आम्ही ईदनंतर पुन्हा धरू. तरण्या पोरांत खसखस पिकली. बापाशेजारी जाऊन उभं राहायचं नबीलालच्या मनात फार होतं. पण पाय उचलेना. तो मशिदीच्या दाराशी, चपलांपाशी मान खाली घालून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मेजरसाहेबानं तोच गिलास मागितला. नबीलालनं तो करून दिला.

मोहियोद्दीन १९४५ च्या जानेवारीत, एका गुरुवारी, उपाशीपोटी वारले.