दुकानात टांगलेला माझा फोटो

वाट सोडून घुसणारी गिऱ्हाइकं माझ्या डोक्यात जातात. बावीस वर्षं मी परदेशी माणसांना आमचं ह्वे शहर दाखवतेय. जुन्या राजवाड्याच्या तटापर्यंत सायकल, तटाच्या आत पायी, डोंग बा बाजारात पायी, पूल ओलांडून परत सायकल, आणि अकराच्या ठोक्याला हॉटेलच्या दारात. ह्यात इकडचं तिकडे झालेलं मला खपत नाही. आणि त्या दिवशी नेमका ओडवार माझ्या नशिबी आला. नॉर्वेचा रिटायर पोस्टमन, वय सदुसष्ट. वय मी पहिल्या मिनिटालाच विचारलं, त्याशिवाय आमच्याकडे हाक काय म्हणून मारणार? तर तो दादा ठरला.

दादा इतका उंच, की आमच्या सगळ्यात मोठ्या सायकलवरही त्याचे गुडघे हँडलला लागत होते. पण दमायचं नाव नाही. प्रत्येक बोळाच्या तोंडाशी ब्रेक.

"सुओंग, ह्या गल्लीत काय आहे?"

"घरं आहेत."

"मग बघू या की."

"का? तुमच्याकडे घरं नसतात?"

"असतात ना. पण ती चाळीस वर्षं पत्रं टाकून टाकून पाठ झालीत."

असं म्हणत स्वारी वळलीसुद्धा. बाजारामागच्या त्या जुन्या गल्ल्या, समोरून एक स्कूटर आली तरी भिंतीला चिकटावं लागतं. मी मागून ओरडत होते, "अहो, पुढं रस्ता नाहीये!" साफ खोटं. रस्ता होता. पण मला वेळेवर घरी जाऊन जेवून गोळी घ्यायची होती. मार्चमध्ये माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. अल्सर होता, अर्धं पोट काढलं, पण आता मी ठणठणीत. मागच्याच आठवड्यात तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, तोआनला, एकट्याला आत बोलावलं. मी बाहेर बाकावर. तो हसत हसत बाहेर आला आणि म्हणाला, "पथ्य बंद! आता तुला हवं ते खा." त्या संध्याकाळी मी तिखटजाळ बुनच्या शेवयांच्या दोन वाट्या रस्स्यासकट ओरपल्या.

दादा एव्हाना सायकलवरून उतरून ती हातात धरून चालायला लागला होता. दारादारात डोकावत एका दुकानापुढं थांबला. व्हिएनकाकांचं दुकान. माणूस गेला की पूर्वजांच्या देव्हाऱ्यात त्याचा जो फोटो लागतो, तो बनवून घ्यायला अर्धं शहर ह्यांच्याकडे येतं. चेहरा कुठल्यातरी लग्नाच्या फोटोतून उचलायचा, बाईच्या खाली मखमली झगा नि पुरुषाच्या खाली कोट चिकटवायचा, सुरकुत्या पुसायच्या, झालं. तयार फोटो भिंतीवर ओळीनं टांगलेले असतात.

मी सांगणारच होते, दादा, ह्यांचे फोटो काढू नका, बरं नसतं. तेवढ्यात तोच ओरडला.

"अगं, ही तर तू! तू मॉडेलिंगपण करतेस?"

मी वर बघितलं. मीच होते. ओठाजवळचा तीळ, आमच्या लेकीच्या, उयेनच्या लग्नात बांधला होता तो अंबाडा, आणि अंगात डाळिंबी मखमलीचा झगा, जो मी जन्मात शिवला नाही. मागं निळं आभाळ. सुरकुती एक नाही. माझ्या एका बाजूला कुणी म्हातारे लष्करी पदकं लावून बसलेले, दुसऱ्या बाजूला बोळक्या तोंडाची आजी.

पहिला विचार काय आला सांगू? ह्या थेरड्यानं न विचारता माझा फोटो नमुना म्हणून लावला! मी तणतणत आत शिरले. मागून दादा म्हणतोय, "तिथंच थांब, तुमचा दोघींचा एक काढतो!" आणि काढलाही त्यानं.

"व्हिएनकाका! आधी बाहेर या!"

काका हातात बारीक ब्रश घेऊन आले आणि मला बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सुओंग... तू इकडं कशी? तू तर ह्या गल्लीनं कधी येत नाहीस."

"म्हणजे मी येत नाही म्हणून टांगलात होय?"

"तसं नाही गं पोरी. आधी करून ठेवला तर शुभ असतं. आयुष्य वाढतं."

"सत्तरी ओलांडलेले करतात तो. मी त्रेपन्नची आहे. कुणी सांगितला करायला?"

काका ब्रश पुसायला लागले.

"काका, मी विचारतेय."

"तोआननं. पण बाहेर लावू नका, असं त्यानं बजावलं होतं, चूक माझीच. परवा पुन्हा फोन आला त्याचा, लवकर द्या म्हणून. मग वाळायला म्हणून मी इथं..." ते जीभ चावून थांबले.

लवकर. हा फोटो लवकर कधी लागतो, हे आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

'हवं ते खा' असं डॉक्टर कुणाच्या बाबतीत म्हणतात, हे मला माहीत नव्हतं का? माझ्या सासऱ्यांच्या वेळी हेच म्हणाले होते. मीच त्यांना बदक रांधून घातलं होतं आणि वर हसून सांगितलं होतं, "बाबा, तुम्ही बरे झालात." सगळं माहीत असून मी बाकावर बसून राहिले. इतकी कशी मी आंधळी?

मी खिळ्यावरून फोटो काढला. काका हां हां करत राहिले. मी तो सायकलच्या कॅरियरला ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधला.

"काय झालं? मी काही चुकीचं बोललो का?" दादानं विचारलं.

"चला, दादा."

गल्लीच्या तोंडाशी लाय मावशीची बुनची गाडी. कॅरियरवरचा फोटो तिनं बघितला आणि तिची पळी हवेतच थांबली. हा कुणाचा, कसला, काही म्हणाली नाही. एकदम रडायलाच लागली.

"तुलाही माहीत होतं?" मी ओरडले.

"सगळ्यांनाच माहीत आहे गं बाई. तोआननं हात जोडले होते आमच्यापुढं."

आठवडाभर ती माझ्या वाटीत मांसाचे दोन तुकडे जास्तीचे टाकत होती. मला वाटायचं, म्हातारपणी हिचा हात सैल सुटला. बावीस वर्षं ह्या शहराची खडान्‌खडा माहिती सांगून पोट भरणारी मी, आणि मलाच काही पत्ता नाही! मला रडू येत नव्हतं. संताप येत होता नुसता.

पुलावर पेडल मारता येईना, म्हणून उतरले. दादाही उतरला.

"दादा, तसले फोटो मेलेल्या माणसांचे असतात," मी म्हणाले. इंग्रजीत बोलत होते म्हणूनच तोंडातून निघालं, आमच्या भाषेत निघालं नसतं. "मी मरणार आहे. मला आत्ता कळलं, तुमच्यामुळं."

मग त्यानं एका हातात त्याची नि एका हातात माझी, अशा दोन्ही सायकली धरल्या आणि सबंध पूल माझ्या बाजूनं चालत आला. पुढं कुठल्या गल्लीत काय आहे, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

घरी अंगणात तोआन चाकाच्या तारा आवळत बसला होता. मी फोटो त्याच्यासमोर ठेवला.

"किती दिवस?"

त्यानं फोटोकडे बघितलं, मग फाटकाशी उभ्या असलेल्या दादाकडे, मग माझ्याकडे.

"व्हिएनकाकांना मी सांगितलं होतं, की..."

"त्यांच्याशी नंतर भांड. किती दिवस, तोआन?"

"नवं वर्ष..." त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "नवं वर्ष अवघड आहे म्हणाले."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तो जागचा हलला नाही.

"अजून मार. पण मला तुला सांगायला जमलं नसतं."

"माझं मरण, आणि साऱ्या गावाला ठाऊक! बुनवालीला ठाऊक! मीच तेवढी येडी! कुणी दिला रे तुम्हाला हक्क? माझ्याशी खोटं बोलायचा कुणी दिला हक्क?" मी घसा फाटेपर्यंत ओरडत होते. एरवी भांड्याचा आवाज झाला तरी डोकावणारे शेजारी, आज एकही खिडकी उघडली नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. उयेन. आमची एकुलती एक पोरगी. सायगॉनला असते, तिला आठवा महिना लागलाय.

"आई, रिपोर्टचं काय झालं गं? बाबांना विचारलं की विषय बदलतात. तू तरी मला खरं सांग."

तोआननं माझ्यापुढं हात जोडले. त्याची काही गरज नव्हती.

"अगं, एकदम छान आलाय रिपोर्ट," मी म्हणाले. आवाज हसराच निघाला, कुठं अडखळलासुद्धा नाही. "तू जेवलीस का?"