शनिवारच्या जागेवरचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. खिशात किल्ली चाचपू नका, माझी किल्ली नसते. मला कडी नाही, कोयंडा नाही, गंज चढायला लोखंडही नाही. मूर्तिजापूरच्या एका डायलिसिस केंद्रातल्या कॉम्प्युटरमध्ये एक फाइल आहे, त्या फाइलीवर मी बसायचो. बसायचो म्हणतोय, कारण आता बसत नाही. का ते सांगतो. सांगताना मध्येच चिडलो तर समजून घ्या.

माझा जन्म अमरावतीचा. संस्थांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या पौर्णिमाताईंनी गच्चीवरच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत मला लिहिलं. प्रोग्राम कितीही शहाणा असो, त्याला फाइलीला थेट हात लावता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात कर्नेल नावाचा एक कारभारी बसलेला असतो, त्याच्याकडे प्रत्येक गोष्ट मागावी लागते. फाइल उघडून दे, वाचून दे, लिहून घे, बंद कर. या मागण्यांना सिस्टिम कॉल म्हणतात. ताईंनी त्यात एक मागणी घातली, 'या फाइलीच्या एवढ्या ओळीवर माझं कुलूप टाक.' कर्नेल आपल्याकडे तशी नोंद करतो. ती नोंद म्हणजे मी. काम झालं की नोंद पुसली जाते. दिवसातून कितीदा तरी मी जन्मतो आणि मरतो, त्याचं सुतक कोणी धरत नाही.

माझा स्वभाव आधीच सांगून ठेवतो. मी कोणाचा हात धरत नाही. 'इथं कुलूप आहे का?' असं जो विचारतो त्यालाच मी आडवा येतो. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसाच मी. रुमाल दिसला की शहाणी माणसं पुढची सीट शोधतात. ज्याला पर्वा नाही तो रुमालावरच बैठक मारतो, आणि रुमाल बिचारा काय करणार?

केंद्र एका संस्थेचं. चार मशीन. दर्यापूरकडचा सगळा खारपाणपट्टा या चार मशीनच्या भरवशावर. तिकडच्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. पिढ्यानपिढ्या तेच पिऊन किडन्या गेल्या, असं लोक म्हणतात. एकदा किडनी गेली की आठवड्यातून दोनदा तरी मशीनला लागावंच लागतं. चुकलं तर अंगावर सूज येते, दम लागतो, पुढचं सांगत नाही. म्हणून मशीनवरच्या जागेला तिथं फार किंमत. फाइलीतली एक ओळ म्हणजे एक जागा. वार, वेळ, मशीन आणि माणसाचं नाव.

जागा दोन ठिकाणांहून दिली जाई. मूर्तिजापूरला खिडकीवर साधना बसायची, आणि फोनवर येणाऱ्यांसाठी संस्थेच्या अमरावतीच्या ऑफिसात एक मुलगी. दोघींचे प्रोग्राम वेगळे, फाइल एकच. दोघींनी एकाच रिकाम्या ओळीत दोन नावं लिहू नयेत, एवढ्यासाठी माझी नेमणूक.

नेमणुकीआधी ताई एक दिवस साधनाशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. आमच्याकडचं माणूस 'हो' किती वेळात म्हणतं ते त्यांनी तेव्हा पाहिलं. आधी घरी फोन. मग त्या वेळेला एसटी आहे का याची चौकशी. शकुंतला ही जुनी रेल्वे बंद पडली ते किती वाईट झालं यावर दोन वाक्यं. मग शेजारच्या माणसाचा सल्ला, तो न मागताच मिळतो. मग 'टाका बाई नाव'.

"ताई, लोकं लय टाइम लावतात," साधना म्हणाली. "मांगं लाइन थांबून राहते."

"लावू दे न," ताई म्हणाल्या. "माणूस आजारी हाये, घरचे परेशान हायेत. इचार कराले टाइम भेटला पाह्यजे त्याइले."

म्हणून त्यांनी मला तसं बांधलं. साधनानं जागा दाखवली की त्या ओळीवर मी बसायचं, आणि समोरचं माणूस 'हो' किंवा 'नाही' म्हणेपर्यंत हलायचं नाही. अमरावतीच्या मुलीला तेवढ्यात ती ओळ बंद दिसायची. ती फोनवर सांगायची, "थांबा काका, थे जागा कोणीतरी पाहून राहिलं." मला याचा अभिमान होता. मोठमोठ्या बँकांमधली कुलपं डोळ्यांचं पातं लवेपर्यंत टिकतात. मी मात्र अख्खं घरगुती संभाषण संपेपर्यंत तग धरायचो. कोणाच्या सुनेचं माहेर कुठं, कोणाचा जावई फोन उचलत नाही, सगळं माझ्या कानावरून जायचं.

दोन वर्षं बरी गेली. मग भिंतीवर टीव्ही आला.

बाहेर बसलेल्या लोकांना आज कोणाची पाळी आहे ते दिसावं, म्हणून संस्थेनं तो लावला. काम अंकुरकडे दिलं. अंकुर अकोल्याचा, जुन्या शहरातला. मुलगा कष्टाळू. त्यानं साधनाच्याच प्रोग्रामच्या पोटात एक छोटासा तुकडा घातला. दर मिनिटाला फाइल उघडायची, आजची नावं वाचायची, टीव्हीवर दाखवायची, फाइल बंद करायची. लिहायचं काही नाही, नुसतं पाहायचं. लोक खूश झाले. कोणी कोणाला विचारायला उठेना.

पण माझ्या जातीच्या कुलपांना एक जुना शाप आहे. एका प्रोग्रामनं माझी मागणी केली, आणि त्याच प्रोग्रामनं तीच फाइल दुसऱ्या कामासाठी उघडून बंद केली, की कर्नेल समजतो, याचं या फाइलीतलं काम आटोपलं. मग तो मला पुसून टाकतो. ज्यानं मला टाकलं त्यालाही कळवत नाही. परक्यानं मोडलं असतं तर मी निदान बोंब मारली असती. इथं घरचंच माणूस डोकावून जायचं आणि जाताना मला घेऊन जायचं.

कित्येक दिवस असं घडत राहिलं आणि काही बिघडलं नाही. साधना कोणाला तरी जागा दाखवायची, टीव्ही आपला फेरा मारायचा, मी नाहीसा व्हायचो. तेवढ्या वेळात अमरावतीहून त्याच ओळीवर कोणाचा हात पडला नाही, हे नशीब.

मग एका आठवड्यात दोन मशीन दुरुस्तीला गेली. नेहमीच्या पाळ्या मोडल्या. सगळ्यांना नव्यानं जागा घ्यावी लागली. बुधवारी केशरबाई खिडकीवर आल्या. सोबत नवरा, देवमनबाबा. दर्यापूर रस्त्यावरच्या गावचे. बाबांचे पाय तेव्हाच सुजलेले होते, ते बाकावर टेकले. साधनानं शनिवार सकाळची एक जागा दाखवली. तेवढी एकच उरली होती. मी त्या ओळीवर बसलो.

"थांब व पोरी, पोराले इचारतो," केशरबाई म्हणाल्या आणि फोन लावला. "संघपाल, शनवारी सकाऊन सुटी भेटते का तुले? बाबाले गाडीवर आना लागते. एसटीत थे चढू नाही शकत आता."

संघपाल अमरावतीला एमआयडीसीत कामाला. साहेबाला विचारून परत फोन करतो म्हणाला.

"आजी, लवकर सांगा ना," साधना म्हणाली.

"सांगतो न माय. साहेबाले इचारून राहिला थो."

केशरबाई फोन हातात धरून उभ्या राहिल्या. आणि टीव्हीचा फेरा आला. मी पुसला गेलो. साधनाच्या पडद्यावर ओळ अजून तिच्याच ताब्यात दिसत होती.

त्याच वेळी प्रीतम नावाच्या मुलानं अमरावतीला फोन केला. त्याची मावशी भागीरथा, तीही याच मशीनवरची. तिकडच्या मुलीला शनिवार सकाळ मोकळी दिसली. ती मावशीचं नाव, गाव विचारत होती, तेवढ्यात इकडे संघपालचा फोन आला. साहेबानं सुटी दिली होती. साधनानं देवमनबाबांचं नाव लिहिलं, ते लिहिलंही गेलं, आणि ती म्हणाली, "झालं आजी, शनिवारी सकाळी या." अमरावतीच्या मुलीच्या पडद्यावर ओळ अजून मोकळीच होती, तिनं त्याच ओळीत भागीरथाचं नाव लिहिलं. खालचं नाव गेलं. फाइलीला वरचं तेवढं माहीत असतं.

शनिवारी देवमनबाबा आणि भागीरथा दोघंही आले. टीव्हीवर भागीरथाचं नाव होतं. बिचारी तीही दमलेली, तिचा तरी काय गुन्हा? मशीन चालवणारे धर्मपालभाऊ फाइल पाहून म्हणाले, "देवमनबाबाचं नाव कुठीच नाही दिसून राहिलं." समोर माणूस सुजून बसलाय आणि सगळे पडद्याकडे बघतायत, हे मी त्या दिवशी पाहिलं. साधना गोंधळली. आपण नाव टाकलं होतं की नुसतंच म्हटलं, हेच तिला आठवेना. मग तिनं मनाला पटेल असं एक कारण शोधलं.

"आजी, तुमी फोनवर बोलत होत्या ना, तेवढ्यात जागा गेली असंन."

वाईट हेतूनं नाही म्हणाली. पण केशरबाईंचा चेहरा त्या वाक्यानं जो पडला, तो मला अजून दिसतो.

"अवं, राहू दे," देवमनबाबा बाकावरून म्हणाले. "दुपारून लावतीन. थांबतो मी."

धर्मपालभाऊंनी दुपारी कोणाची तरी पाळी आखडती घेऊन बाबांना लावायचं ठरवलं होतं. तोवर बाबांना श्वास पुरेना. संघपालनं गाडी बोलावली, अकोल्याकडे निघाले. बोरगाव मंजूच्या पुढे, वाटेतच बाबा गेले.

सगळं आटोपल्यावर एका दुपारी केशरबाई केंद्रात आल्या. बाबांचं कार्ड परत द्यायला आले म्हणाल्या. कार्ड कोणी परत मागत नाही. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, एक सांग. माह्या फोनपायीच गेली ना व जागा? मी तवाच हो म्हनली असती तं?"

साधनानं कार्ड घेऊन खणात ठेवलं. केशरबाई खिडकीतून तिच्या हातावर हात ठेवून निघून गेल्या. त्या गेल्यावर साधना रडली आणि तिनं पौर्णिमाताईंना फोन लावला. "ताई, मी नाव टाकलं होतं. माह्या हातानं टाकलं होतं. पाहा ना एकदा."

ताईंनी पाहिलं. एकाच ओळीवर एकापाठोपाठ दोन नावं लिहिली गेल्याची खूण सापडली. मग टीव्हीचा तुकडा सापडला. त्यांनी अंकुरला बोलावून घेतलं. त्याला पटेना.

"ताई, मी तं फक्त वाचून राहिलो होतो. एक अक्षर लिहिलं नाही."

"तू सीटवर रुमाल टाकला," ताई म्हणाल्या, "अन् तुह्याच भावानं दुसऱ्या खिडकीतून डोकावून पाह्यलं, अन् जाता जाता रुमाल उचलून नेला. लोकाइले काय दिसंन? सीट खाली हाये."

अंकुरनं टीव्हीचा तुकडा पुन्हा उघडून वाचला. मग म्हणाला, "मले हे मालूमच नव्हतं."

"मले मालूम होतं," ताई म्हणाल्या. "कालेजात वाचलं होतं. तू टीव्ही जोडला तवा मले आठवलं नाही."

त्यांनी संस्थेच्या सचिवांना सगळं सांगितलं. सचिव, देवीदासजी, सभ्य गृहस्थ. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुरुस्त करून टाका. पण बाहेर बोभाटा नको. म्हातारा तसाही किती काढणार होता? अन् त्या बाईले आता सांगून तिचं काय भलं होनार हाये?"

काय भलं होणार आहे! मला त्या वाक्याचा फार संताप आला. मला ओरडता येत नाही म्हणून, नाहीतर सगळं केंद्र दणाणलं असतं.

ताईंनी दुरुस्ती केली. आता तिथं दुसऱ्या जातीचं कुलूप आहे. ज्यानं ज्या दारानं फाइल उघडली त्या दाराशीच ते बांधलेलं असतं, घरच्या कोणी डोकावून गेलं तरी ते सुटत नाही. चांगलं आहे. मला त्याचा हेवा नाही. मला मागवणारी प्रोग्राममधली ओळ ताईंनी पुसली नाही, तिच्यापुढे दोन तिरप्या रेघा ओढून ठेवल्या. तशा रेघा असलेली ओळ कॉम्प्युटर वाचत नाही, फक्त माणसं वाचतात. शेजारी त्यांनी लिहिलंय, 'हे पुन्हा वापरू नये.' मी तिथं पडून आहे. कर्नेल मला ओळखत नाही, मी आता जन्मतही नाही आणि मरतही नाही.

संघपालचा नंबर ताईंनी साधनाकडून घेतलाय. दोनदा लावला आणि उचलायच्या आत कापला. मला त्यांची भीती कळते. संस्थेचं काम जाईल, अंकुरच्या पोटावर पाय येईल, केशरबाई काय म्हणतील कोण जाणे. पण तिकडे त्या गावात एक बाई रोज स्वतःला दोष देत बसली आहे, आणि तिच्या बाजूनं साक्ष देणारा मी एकटाच, तोही या रेघांच्या मागे.

म्हणून तुम्हाला सांगतोय. ताईंना भेटलात तर म्हणा, फोन लावा. नाहीतर तुम्हीच जा दर्यापूर रस्त्यानं, केशरबाईंचं घर विचारा, आणि त्यांच्यासमोर बसून सांगा. म्हणावं, आजी, तुम्ही पोराला फोन लावलात तेव्हा ती जागा तुमचीच होती. तुम्ही आणखी तासभर बोलला असता तरी ती तुमचीच राहायला हवी होती. तुम्हाला विचार करायला वेळ मिळावा म्हणूनच तिथं एक कुलूप बसवलेलं होतं. तुम्ही उशीर केला नाही.