बंदुकीची आंघोळ

सीतेचे लग्न झाले आणि त्याच मांडवात तिच्या धाकट्या भावाचे, माधवचे, जावळ निघाले, ते साल १९०७. धारच्या खंडोजीला या नातीच्या लग्नात घोर लागला होता तो बापाच्या वेळच्या, टोपी बसवून उडवायच्या बंदुकीचा. त्यांच्याकडे वरात वेशीवर आली की बार काढून तिचे स्वागत व्हायचे. पण थोरल्या लेकीच्या लग्नात बंदूक नुसतीच फुसकली. टोपी फुटली, दारू पेटली नाही. तेव्हापासून ती मुकीच.

सुपारी फुटली त्या दिवशी देवासहून आलेले मुलाचे काका दत्ताजी मिशीत हसले होते. "का भिया, बंदूक मुकी आहे म्हणे. मुलगी तरी बोलते ना?"

खंडोजीला कारण ठाऊक होते. त्याची बायको सुभद्रा दर दसऱ्याला बंदुकीची पूजा करी आणि तेल-कुंकू सढळ हाताने वाही. टोपी बसते तिथले बारीक भोक त्या थराने पार बुजले होते. तो दाभण घेऊन बसला की ती आडवी येई.

"देवाचं कुंकू खरवडता? तेही लग्नघरात?"

"अगं, या देवाला कधी आंघोळ घातलीस का? बाकीच्यांना रोज घालतेस."

सुभद्रेने उठून चुलीवर पाणी ठेवले.

कढत पाणी नळीत ओतले, ते तुंबून राहिले. सुभद्रेने दाभण स्वतःकडे घेतले आणि भोकात हलके फिरवत राहिली. अखेर लाल चिळकांडी उडाली ती थेट खंडोजीच्या धोतरावर. दोघे हसत सुटले. नळी पुसून, उन्हात वाळवून त्याने तेलाचा हात फिरवला. लाकडी दस्त्यावरचा जुना टिळा मात्र तसाच राखला.

लग्नाच्या दिवशी दारू ठासून तो फेटा बांधायला आत गेला. वरात आली तशी वेशीवर टोपी बसवली, नळी आभाळाकडे केली, चाप ओढला. बार असा झाला की वाजंत्री थबकले. धुराबरोबर लाल ढग उठला आणि सावकाश दत्ताजींच्या पांढऱ्या फेट्यावर उतरला.

खंडोजीने बायकोकडे पाहिले.

"न्हालेल्या देवाला उघड्या कपाळानं पाठवू?" ती पुटपुटली. "चिमूटभर घातलं नळीत."

"चिमूटभर?"

"बरं, मूठभर."

दत्ताजी फेटा झटकत म्हणाले, "बोलते हो भिया. आणि पाहुण्याला कुंकूही लावते."

पुढे दर दसऱ्याला आधी आंघोळ, मग कुंकू. खंडोजी १९१२ साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी वारला. सुभद्रा १९१९ च्या चैत्रात गेली.