तीन ले-आउटांचं पाणी

धोंडबांनी अट घातली तेव्हा ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. देवाजी आणि सिंधूताई जागा पाहायला निघाले होते, पायात चपला सरकवत होते, आणि म्हातारबुवा ओट्यावरून म्हणाले, "जागा पाह्यले जासान, तं तिथल्या विहिरीचं पाणी एक एक बाटली भरून आणजा. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजवून पाहू. शिजली, तं मी तुमच्यासंगं येतो. नाई शिजली, तं मी इथंच बरा."

"बाबा, लोक रस्ता पाह्यतात, शाळा पाह्यतात," देवाजी म्हणाले. "तुमचं आपलं डाळीचंच!"

"माणूस रस्ता खाते का गा?" म्हाताऱ्यानं विचारलं, आणि विषय तिथंच मिटला.

त्या वर्षांत नागपूर चारी अंगांनी पसरत होतं. काल जिथं ज्वारी उभी होती तिथं आज चुन्याच्या रेघा पडत, आणि त्या रेघांना लोक ले-आउट म्हणत. देवाजी तारघरात कारकून, सिंधूताई महानगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. इंदोऱ्याच्या वस्तीतल्या दोन खोल्यांत दोन वाढत्या पोरी, अभ्यासाला कोपरा नाही, पाहुणा आला तर कोणीतरी बाहेर जायचं. घर हवंच होतं. पण सासरे आले नाहीत तर आपण या वस्तीतून हलायचं नाही, हे सिंधूताईनं मनाशी पक्कं केलं होतं.

त्याला कारण होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा सातवी पास होती. सासू आधीच गेलेली, म्हणजे सुनेनं चूल सांभाळावी हीच सगळ्यांची अपेक्षा. पण छप्पन साली दीक्षाभूमीवरून हा मिलमजूर सासरा जो घरी आला, तो कोणालातरी शिकवल्याशिवाय थांबणारच नव्हता. सून हाताशी होती. रात्रपाळी करून आल्यावर धोंडबा चुलीपुढे बसत, भाकरी थापत आणि सुनेचा डबा भरत. वस्तीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत, "सासरा सुनेचा डबा करते वं!" धोंडबा म्हणत, "हासा. ती मास्तरीण झाली का तुमच्याच पोट्ट्यांचे कान पिळीन." आणि पुढं झालंही तसंच. अशा माणसाला मागं टाकून नव्या घरात जाणारी सून ती नव्हती. त्या घराची भाकरी तिच्या घशाखाली उतरली नसती.

तर रविवारमागून रविवार जागा पाहणं सुरू झालं. सोबत दलाल भैयाजी. भैयाजींच्या काखेत नकाशाची गुंडाळी असे. नकाशात बगीचा हिरवा, शाळा गुलाबी, दवाखाना पिवळा. जागेवर जाऊन पाहावं तर सगळीकडे एकच रंग, काळ्या मातीचा. "बगीचा कुठं आहे?" असं विचारलं की भैयाजी दोन्ही हात पसरून म्हणत, "हे काय, तुम्ही बगीच्यातच उभे आहात न जी!"

पहिला ले-आउट वर्धा रोडवरचा. तो मात्र खरंच देखणा होता. रस्ते सरळ, गटारं बांधलेली, विजेचे खांब उभे, आणि डोक्यावरून सोनेगावच्या विमानतळावर विमान खाली उतरताना त्याची चाकं दिसत. आजूबाजूला साहेब लोकांचे बंगले. देवाजी त्या रस्त्यांवरून असे चालत होते की जणू तारघराचे मुख्य साहेब तेच. विहीर एका बंगल्याच्या आवारात होती. देवाजी बाटली घेऊन फाटकाशी गेले आणि बऱ्याच वेळानं परतले. चेहरा लाल झाला होता. ऊन लागलं असेल, असं सिंधूताईला वाटलं. "आत्ता पाणी ओढाले कोणी नाही," ते म्हणाले. "मी उद्या ऑफिसातून येताना घेऊन येतो." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरलेली बाटली कोनाड्यात आली.

दुसरा हिंगणा रोडचा. हाउसिंग बोर्डाची तयार घरं, वर स्लॅब, मागं मोरी, आणि मागच्याच गल्लीत सिंधूताईची बहीण शोभाताई. सिंधूताईनं तिथं पाऊल ठेवलं आणि मनानं पडदेसुद्धा लावून टाकले. अडचण एकच. विहिरीचं पाणी हिरवं आणि गढूळ, वर बेडकं. बाटली भरून ती घरी आली, पाण्याकडं पाहिलं, सासऱ्यांचा चेहरा आठवला, आणि कोणी पाहत नाही असं बघून ते पाणी तिनं नालीत ओतलं. वस्तीच्या नळाखाली बाटली विसळली आणि काठोकाठ भरली. वर्गात पोरांनी नक्कल केली तर छडी उगारणारी ही मास्तरीण! पण आपल्या मनातल्या घरासाठी माणूस काय काय करतो, ते घर शोधलेल्यालाच ठाऊक.

तिसरा काटोल रोडवरचा. तिथं कोणालाच जायचं नव्हतं. भैयाजींनी ओढून नेलं म्हणून गेले. जुन्या संत्र्याच्या बागेवर पाडलेला ले-आउट. झाडं तोडलेली, खुंट तसेच, घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मधोमध बागेची जुनी विहीर, तिला दगडी ओटा. पहिल्याच घरातून एक ठेंगणी, जाडसर बाई बाहेर आली. तिचं नाव पार्वतीबाई. नवरा निवृत्त तलाठी, मुलं नोकरीनं बाहेर, बोलायला कोणी नाही. त्यामुळं माणूस दिसलं की बाईंचा बांध फुटे.

"पाणी पाह्यजे? घे न वं माय! हा दोर घे, बाल्टी सोड," असं म्हणून तिनं दोर सिंधूताईच्या हातात दिला. "पण एक सांगतो, हे पाणी जड आहे. डाळ शिजत नाही याच्यात. सोडा टाका लागते."

हे ऐकून सिंधूताईला आनंदच झाला. काटोल रोडचा काटा आपसूक निघणार होता. तिनं स्वतः बादली ओढली, बाटली भरली, आणि या एका बाटलीला मात्र अजिबात हात लावला नाही.

मग आला परीक्षेचा रविवार. सिंधूताईनं डाळ मोजून तीन वाटे केले. शेगडीवर एकामागून एक गंज, म्हणजे नागपुरी पातेली, चढले, आणि दुपार कलेपर्यंत तिन्ही उतरले. धोंडबा मांडी घालून बसले. पोरी कौतुकानं बाजूला.

वर्धा रोडची डाळ लोण्यासारखी मऊ. हिंगणा रोडचीही तशीच. काटोल रोडच्या गंजात मात्र पाणी एकीकडं आणि डाळ एकीकडं, भांडलेल्या जावांसारखी. सिंधूताईनं देवाजींकडं पाहिलं, देवाजींनी सिंधूताईकडं. आता भांडण फक्त दोघांचं उरलं होतं.

धोंडबांनी पहिल्या गंजातला घास खाल्ला. दुसऱ्यातला खाल्ला. मग परत पहिल्यातला. डोळे मिटून चव घेतली आणि म्हणाले, "देवा, नागपूरच्या दोन टोकाचं पाणी एकाच चवीचं कसं गा?"

सिंधूताई शेगडीतले निखारे सारखे करू लागली.

"इतकी सालं झाली, मी बस्तीतल्या नळाचं पाणी पिऊन राहिलो. मले वळखू येत नाई का?" त्यांनी दोन्ही गंज बाजूला सारले आणि तिसरा पुढं ओढला. दाताखाली दाणा कडकन वाजला. "हे एकच पाणी खरं हाय. हे कोणं काढलं?"

"मी काढलं, मामाजी," सिंधूताई म्हणाली. चोराच्या मनात चांदणं, तशी तिची मान खाली गेली होती.

"तू? तुह्या हातानं?"

"हो."

"कोणी काही म्हटलं नाई?"

"कोण म्हणीन? बाई उभी होती तिथं. तिनंच दोर दिला हातात."

धोंडबांच्या हातातला घास तसाच राहिला. "मले डाळ नव्हती पाह्यची वं," ते हळू म्हणाले. "कळमेश्वरच्या पल्याड आमचं गाव. विहिरीच्या ओट्याखाली आमी उभे राहत होतो. वरचं कोणी आलं, त्याच्या मनात आलं, तं वरून ओंजळीत पाणी वतत होता. माही माय तान्हं लेकरू कडेवर घेऊन उभी राहे, कोणी येईपावतर. इथं नळाले तोटी हाय. तोटी कोणाले नाव विचारत नाई. म्हणून मी या बस्तीतून हालत नाई. तुमी पाणी मांगाले जासान तं कोण कसं देते, हे मले पाह्यचं होतं. सरळ विचारलं असतं, तं तुमी म्हटलं असतं, बाबा, तो जमाना गेला."

ज्या प्रश्नासाठी म्हाताऱ्यानं बाटल्या मागवल्या होत्या, त्याचं उत्तर सिंधूताईनं नालीत ओतून दिलं होतं.

तेवढ्यात देवाजी बोलले. "वर्धा रोडवर नाव विचारलं, बाबा. मंग आडनाव. मंग म्हणे, फाटकाबाहेर थांबा, गडी आणून देईन. मी रिकामी बाटली घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी बर्डीवर, आपल्याच कार्पोरेशनच्या नळावर भरली."

"अन तरी तुले तिथंच घर पाह्यजे?"

"म्हणूनच तं पाह्यजे होतं."

धोंडबांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर सिंधूताईनं असं कधी पाहिलं नव्हतं. "जिद्द चांगली हाय, गा," ते म्हणाले. "पण मले आता जिद्दीत नाई, घरात राह्यचं हाय."

पुढच्या रविवारी देवाजी, सिंधूताई आणि भैयाजींसोबत धोंडबा स्वतः निघाले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. काटोल रोडला बसमधून उतरल्यावर ते थोडा वेळ रस्त्याकडं पाहत राहिले. याच रस्त्यानं ते तरुणपणी गावाहून चालत मिलमध्ये कामाला आले होते.

विहिरीपाशी गेल्यावर मात्र विचित्रच झालं. पार्वतीबाई वर ओट्यावर उभी होती. तिला पाहिलं, आणि धोंडबांचे पाय ओट्याखालीच थांबले. ते खाली बसले आणि दोन्ही हातांची ओंजळ आपोआप पुढं झाली. ते काय करताहेत हे त्यांचं त्यांनाही उमगलं नसावं. सिंधूताईला मात्र सगळं उमगलं आणि तिला पुढं होऊन ते हात धरावेसे वाटले.

"अगं बाई! खाली काहून बसले, भाऊ?" पार्वतीबाई म्हणाली. "वर या न! माहे गुडघे धरले, मले बाल्टी ओढवत नाही. पाह्यटपासून कोणी येते का म्हणून वाट पाहून राहिली. तुमीच ओढा, अन आधी मले पाजा. घसा सुकला."

धोंडबांनी मान वर करून पाहिलं. मग उठले, एक पायरी चढले, दुसरी चढले. दोर हातात घेतला. मिलमध्ये आयुष्य काढलेले ते हात, बादली सरसर वर आली. पार्वतीबाईनं खाली वाकून ओंजळ पुढं केली होती. धोंडबांनी बादली कलती केली. पाणी त्या ओंजळीत पडत राहिलं, आणि बाई घटाघट पीत राहिली. पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "पुरे जी, पुरे. लई गोड लागलं."

धोंडबांनी बादली ओट्यावर ठेवली. देवाजी उगाच संत्र्याचा एक खुंट पायानं हलवून पाहत होते. आणि भैयाजींनी, जन्मात पहिल्यांदा, नकाशा उघडला नाही.

बसच्या थांब्यावर आल्यावर धोंडबांनी विचारलं, "सिंधू, चूल कोणीकडं मांडशीन वं?" तेव्हा सिंधूताई रडली. रस्त्यावर, चारचौघांत, मास्तरीण असून रडली. तिला त्या ठेंगण्या बाईचे पाय धरावेसे वाटत होते. त्या बाईला तर आपण काही दिलं याचा पत्ताही नव्हता. तहान लागली म्हणून ती पाणी प्यायली होती. शोभाताईची गल्ली, मनातले पडदे, काही काही आठवलं नाही.

घर उभं राहिलं. बुद्धवंदना झाली, इंदोऱ्याहून निम्मी वस्ती जेवायला आली. सिंधूताईनं पार्वतीबाईनं दिलेला सोड्याचा डबा उघडला, तर धोंडबा चुलीपाशी येऊन उभे. "आज टाकू नको. आज त्या पाण्याची चव जशी हाय तशी असू दे."

व्हायचं तेच झालं. पंगतीत दाणे दाताखाली कडकड वाजू लागले. पाहुणे एकमेकांकडं पाहू लागले. देवाजींनी लाजेनं मान खाली घातली. धोंडबांच्या शेजारी पार्वतीबाई गुडघे पसरून बसली होती आणि "सोडा दिला होता न वं मी!" असं कुरकुरत तीच डाळ खात होती.

धोंडबांनी ताट पुसून काढलं आणि सुनेकडं पाहिलं.

"चांगली शिजली," ते म्हणाले. "वाढ अजून."