उपटलेला खिळा

मी एक जुनी पक्कड आहे. विजेच्या तारा पिळणारी नव्हे. ती माझी नाजूक चुलत बहीण. मी सुताराची पक्कड, खिळे उपटणारी. माझा जबडा खेकड्याच्या नांगीसारखा वाकडा आहे आणि दांड्यांना गंजाचे डाग पडले आहेत. मित्रांनो, हसू नका. सुताराकडे हातोडीचे कौतुक फार. ती ठणठण करून सगळी गल्ली जागी करते. माझा आवाज म्हणजे एक 'क्रीच', बस्स. पण खिळा वाकडा गेला, फळी चुकली, की हीच माणसे हातोडी खाली ठेवतात आणि मला शोधत फिरतात.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. एका गाडीचा मोडका पाटा होता, त्यातला मी तुकडा. लाल होईपर्यंत भाजले गेले, मार खाल्ला, पाण्यात चरचरले आणि माझी पक्कड झाली. सुताराने मला उचलले, लोहाराच्या ओट्यातला एक खिळा उपटून पाहिला आणि म्हणाला, "धरते." त्या माणसाच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी कधी कोणी ऐकली नाही.

सुताराची कार्यशाळा म्हणजे घराखालची एक लांबट खोली. एका भिंतीशी फळ्या, खिडकीपाशी काम करायचा जाड ओटा, आणि पायांखाली भुशाची गादी. सुताराची बायको लवकर गेली होती. एक मुलगी होती, तिला त्याने त्याच भुशात खेळवून मोठी केली. आम्ही दारे केली, पाळणे केले, शवपेट्याही केल्या. मी उपटलेला एकही खिळा सुताराने कधी टाकला नाही. संध्याकाळी बसून तो एकेक खिळा ओट्यावर ठोकून सरळ करायचा आणि डब्यात टाकायचा. वाकला म्हणून वाया गेला असे नाही, असे त्याचे म्हणणे.

पण माझा खरा मान वर्षातून एकदाच असे, गुड फ्रायडेला. समोरच्या चर्चमध्ये वेदीमागे मोठा क्रूस होता आणि त्यावर येशूची लाकडी मूर्ती. ती मूर्ती खऱ्या खिळ्यांनी लावलेली होती, दोन हातांत आणि एक पायांत. त्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेनंतर सुतार शिडी लावून वर चढायचा आणि खिळे काढून मूर्ती खाली उतरवायचा. खाली चार जण पांढऱ्या चादरीची चार टोके धरून उभे राहायचे. हे काम त्याच्या घराण्यात बापापासून आलेले. मागून हातोडीने ठोकून खिळा काढला तर काम पटकन होते, पण तसे करायचे नाही, हा नियम. "त्या दिवशी ठोकायचं काम एकदा झालं तेवढं पुरे," असे त्याचा बाप म्हणायचा. म्हणून हातोडी त्या दिवशी घरी बसायची आणि मी चर्चमध्ये जायची. मला याचा थोडा गर्व होता, खोटे कशाला बोलू?

मुलगी लहान असताना एकदा चादरीचे टोक धरायला आली होती. तिने विचारले, "बाबा, याने काय केलं होतं?"

"काही नाही. केलं होतं दुसऱ्यांनी. त्याने स्वतःवर घेतलं."

"का पण?"

"दुसऱ्यांना पेललं नसतं म्हणून. भार नेहमी जाड वाशावर द्यायचा असतो."

सुताराच्या मुलीला वाशाचे कळते. तिने मान डोलावली आणि चादर घट्ट धरली. मोठे मोठे ग्रंथ लिहिले गेले असतील या गोष्टीवर, पण मला तरी तेवढेच ठाऊक आहे.

पुढे मुलीचे लग्न झाले आणि जावई घरातच राहून काम शिकू लागला. परगावचा, आईबापाविना वाढलेला पोरगा. हात चांगला, पण घाई फार. चारचौघांत सासरा त्याला "जावईबापू, तुम्ही" म्हणायचा आणि कार्यशाळेत "अरे गाढवा". दोघांनाही ते पसंत होते.

चर्चमध्ये वरच्या बाजूला गाणाऱ्यांचा सज्जा होता. त्याचा कठडा नवा करायचे काम आमच्याकडे आले. सुताराने लाकूड कापून दिले आणि बजावले, की आडव्या दांड्याला खांबात खाच कर, खाचेत बसव, खिळ्याच्या जिवावर सोडू नकोस. दांड्याच्या टोकात मारलेला खिळा धरत नाही, हे सुताराचे पहिले अक्षर. तेवढ्यात सुतार तापाने आडवा झाला. इकडे मुलीचे दिवस भरत आलेले, जावयाचे अर्धे चित्त घरी. खाचा करायला आणखी दोन दिवस लागले असते. त्याने सरळ टोकांत खिळे ठोकले, वरून पॉलिश मारले आणि घर गाठले. कठडा आरशासारखा चमकत होता. सगळ्यांनी तारीफ केली.

सज्ज्यात पायपेटी होती आणि ती वाजवायला एक बाई होत्या. जन्मभर त्यांनी दुसरे काही केले नव्हते. सगळे त्यांना पेटीवाल्या बाईच म्हणत. एका रविवारी त्या खाली कोणाला तरी हाक मारायला कठड्यावर टेकल्या, आणि कठडा दार उघडावे तसा उघडला. बाई खालच्या बाकांवर पडल्या. जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले ते धड जुळलेच नाही. पुढे त्या काठी टेकत चालू लागल्या, पण सज्ज्याचा जिना काही त्यांना चढवेना. पेटी वर राहिली आणि बाई खाली. हाड मोडल्याचे त्यांनी कधी फारसे बोलून दाखवले नाही. पेटीचे मात्र सगळे विचारत, आणि त्या तोंड फिरवत.

त्याच दिवशी सुतार तापातून उठून सज्ज्यात आला. उरलेल्या कठड्याचे खिळे त्याने माझ्याकडून काढवले. मित्रांनो, खिळा निघताना किंचाळला पाहिजे. हे खिळे लोण्यातून सुरी निघावी तसे निघाले, एकही हूं की चूं न करता. सुताराचा हात थांबला. मागे जावई उभा होता, त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. खालून फादरनी विचारले, की हे बसवले कोणी? जावयाने तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही. सुताराने खिळे खिशात टाकले.

"कठडा माझा आहे," तो म्हणाला. "चूक माझी."

जावयाने जी मिठाची गुळणी धरली, ती धरलीच.

झाले. चर्चचे काम गेले, पाठोपाठ लोकांचेही जाऊ लागले. सुतार बाईंच्या दारी गेला, तर बाईंनी त्याच्या तोंडावर दार लावले. त्या गुड फ्रायडेला फादरनी खाली मान घालून सांगितले, की यंदा शिडीवर तुम्ही नको, लोक नाराज आहेत. दुसरे कोणी ते काम घेईना. मूर्ती वरच राहिली, त्या वर्षी आणि पुढेही. मी खणात जाऊन पडले. तेल नाही, पुसणे नाही. माझ्या सांध्यात गंज चढला आणि जबडा धड उघडेना. आपला काही दोष नसताना अंधारात पडून राहायचे, याचा मला फार राग येई. सुताराला मात्र कधी रागावलेला पाहिला नाही. तो नातीला भुशात खेळवायचा.

जावई घाण्याच्या बैलासारखा राबू लागला. त्यानंतर त्याने एकही जोड खिळ्यावर सोडला नाही. बाईंच्या घराची पायरी पहाटे जाऊन दुरुस्त करून आला. एक सुबक काठी करून कोणाला न सांगता त्यांच्या दाराशी ठेवून आला, आणि बाई तीच वापरत. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर खांबाआड बसायचा आणि वेदीपाशी पवित्र भाकरीचा प्रसाद घ्यायच्या आधी उठून जायचा. क्रुसाकडे तर बघायचाच नाही. बायको शेजारणींना कौतुकाने सांगायची, की माझ्या बाबांचं नाव परत यावं म्हणून हे किती खपतात! ते ऐकून तो जेवण अर्धे टाकून उठायचा.

वर्षे गेली. सुताराचे हात थरथरू लागले. इस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत एका संध्याकाळी त्याने मला खणातून काढले आणि जावयाला समोर बसवले. एका फळीत खिळा ठोकला, माझा गंजलेला जबडा जोर लावून उघडला आणि तो उपटला. त्याच भोकात परत ठोकला, परत उपटला. असे काही वेळा केले. मग खिळा ठोकून जावयाला म्हणाला, "ओढ." जावयाने दोन बोटांनी धरला, तर खिळा हातात आला.

"एकाच भोकात सारखं ठोकत राहिलं की लाकूड कामातून जातं," सुतार म्हणाला. "तू तेच करतोयस. मी जो खिळा उपटून खिशात टाकला, तो तू रोज परत ठोकतोस. मग मी घेतला कशाला?"

 जावयाने विचारले, की मी गप्प बसलो तेव्हा तुम्हाला माझा राग नाही आला?

"आला की. पण तू इथे नवा होतास, मागे ना आई ना बाप. लोकांनी तुला मोडून टाकलं असतं. मी जुना वासा, मला पेललं."

"मग आता मी काय करू, बाबा?"

"काठ्या आणि पायऱ्या करून हे फिटत नाही रे. फिटलंय म्हणून धर. माणूस शिक्षेला भिऊन गप्प बसतो. शिक्षा तर होऊन गेली. आता खरं बोलायला काय हरकत आहे?"

जावयाने मला पिशवीत टाकले. का, ते त्यालाही सांगता आले नसते. दुसऱ्या दिवशी तो बाईंकडे गेला. बाई खिडकीशी मटार सोलत होत्या. त्याने उभ्याउभ्याच सगळे सांगितले, खाचा, खिळे, घाई, गुळणी. बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी," त्या म्हणाल्या.

ही म्हण आपण येताजाता वापरतो. पण बोलून झाल्यावर बाईंनाच ती लागली असावी. दर गुड फ्रायडेला त्यांनी हीच तर कथा पेटीवर वाजवली होती, जन्मभर. त्यांचे डोळे भरले, आणि मग राग आला.

"मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर दार लावलं. या हातांनी. आणि तू लावू दिलंस." त्यांची नजर काठीवर गेली. "ही पण तुझीच ना?"

त्याने मान हलवली. त्यांनी काठी उचलली, फेकणारच होत्या. पण उठायला तीच लागली. त्या तिच्यावर टेकून दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "जा आता." क्षमेचा शब्दही निघाला नाही. मला वाटले, संपले. रस्त्यात जावई मात्र कितीतरी दिवसांनी ताठ चालत होता.

घरी येऊन त्याने बायकोलाही सांगितले. ती रात्रभर त्याच्याशी बोलली नाही आणि सकाळी बाबांच्या पायांशी बसून रडली.

गुड फ्रायडेला चर्च भरले होते. प्रार्थना संपली तसा जावई खांबाआडून उठला आणि भर सभेत म्हणाला, "कठडा मी ठोकला होता. बाबांनी नाही." कुजबूज सुरू झाली. काही जण उठून उभे राहिले. तेवढ्यात पुढच्या बाकावर काठी आपटल्याचा आवाज झाला. बाई उभ्या होत्या.

"शिडी लावा," त्या फादरना म्हणाल्या. "त्याला अजून किती वर्षं वर टांगून ठेवायचं?"

शिडी आली. सगळे सुताराकडे बघू लागले. सुताराने आपला थरथरता हात लोकांना दाखवला, जावयाच्या पिशवीतून मला काढले आणि त्याच्याच हातात दिले. चारचौघे होते, तरी "जावईबापू" नाही, "तुम्ही" नाही.

"घे रे," तो म्हणाला. "दमाने."

हातांतले दोन्ही खिळे निघाले. पायातला निघेना. तो गंजलेला आणि मीही गंजलेली. माझा जबडा घसरत होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. खालून बाईंनी हातातल्या मेणबत्तीचा तुकडा वर दिला, "सांध्याला मेण लाव." जावयाने लावले. मी धरले. खिळा किंचाळला, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असा, आणि बाहेर आला.

खाली चादर धरली होती. एक टोक मुलीने, एक फादरनी, एक पुढच्या बाकावरच्या एका माणसाने. चौथे टोक लोंबत होते. बाईंनी काठी बाकाला टेकवून ठेवली आणि ते टोक धरले. मग तोल जाऊ नये म्हणून दुसरा हात त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या सुताराच्या खांद्यावर टेकला. मूर्ती हळूहळू खाली आली. त्या दिवशी जावई प्रसाद घेऊनच घरी गेला.

इस्टरनंतर त्याने पायपेटी सुटी करून खाली आणली. बाई पहिल्या दिवशी एका पायाने ती हाकत होत्या आणि सूर रडके निघत होते. त्यांनी जावयाला झापले, की भाता नीट बसवला नाहीस. त्याने पुन्हा बसवला.

मित्रांनो, आता माझे काम थोडेच उरले आहे. तुमच्या घरी एखादी जुनी पक्कड असेल तर तिला थेंबभर तेल द्या, दमट खणात टाकू नका. आणि एक विनंती आहे. तुमच्या वाटचा खिळा जर कोणी उपटून स्वतःकडे घेतला असेल, तर तो रोज परत ठोकत बसू नका. त्याने तो ठेवून घेण्यासाठीच घेतला आहे.

सुतार गेला तेव्हा त्याच्या जुन्या कोटाच्या खिशात ते कठड्याचे खिळे सापडले. नात ते डब्यात टाकायला निघाली, सरळ करून ठेवू म्हणाली, आमच्याकडची पद्धतच ती. जावयाने ते तिच्याकडून घेतले आणि लोहाराच्या भट्टीत नेऊन टाकले. आमच्या कार्यशाळेत सरळ न केलेले तेवढेच खिळे.